धबधबा आटला की गाव खाली उतरते
जव्हार-मोखाड्याचे पावसाळी पर्यटन आणि स्थलांतराचा न सुटलेला प्रश्न

वसई : पहिला दमदार पाऊस झाला की वसई, नालासोपारा आणि विरारमधील वाहनांची रांग शनिवार-रविवारी मुंबई-अहमदाबाद महामार्गाने उत्तरेकडे निघते. मनोरला उजवीकडे वळून विक्रमगड ओलांडले की चढण सुरू होते आणि दोन-अडीच तासांत जव्हारचे पठार येते. दाभोसा, काळमांडवी, हिरडपाडा येथील धबधबे, धुक्यात बुडालेला सनसेट पॉइंट, मुकणे घराण्याचा राजवाडा असा दिवसभराचा कार्यक्रम आटोपून संध्याकाळी ही वाहने परततात. दिवाळी होते, धबधबे बारीक होतात, वाहने थांबतात. नेमक्या त्याच सुमारास याच रस्त्याने दुसरी रांग उलट दिशेने उतरू लागते. टेम्पो-ट्रकमध्ये भांडीकुंडी, कोंबड्या, लहान मुले आणि चार-पाच महिन्यांचा शिधा घेऊन आदिवासी कुटुंबे वसई, भिवंडी, वाडा येथील वीटभट्ट्यांकडे आणि वसई-विरारच्या बांधकामांकडे निघालेली असतात. पठारावर या प्रवासाला ‘जगायला जाणे’ असा शब्द आहे.

या दोन रांगांची एकमेकींशी कधी गाठ पडत नाही. पर्यटक पठारावर असतो तेव्हा शेतकरी शेतात असतो आणि शेतकऱ्याला रोजगाराची गरज भासते तेव्हा पर्यटक तेथे नसतो. जव्हारच्या पर्यटन विकासाविषयी गेली अनेक वर्षे घोषणा होत आल्या. रस्ते, विश्रामगृहे, सुशोभीकरण यांच्या योजना आखल्या गेल्या. मात्र हे पर्यटन केवळ पावसाळ्याच्या चार महिन्यांत आणि केवळ पाणी पाहण्यासाठी होत राहिले, तर त्यातून स्थलांतर थांबणे शक्य नाही, या मूळ मुद्द्याची चर्चा क्वचितच झाली.

राज्याची राजधानी ते दुर्गम तालुका

समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवरील जव्हार हे पूर्वीच्या ठाणे जिल्ह्याचे महाबळेश्वर म्हणून ओळखले जात असे. वास्तविक या गावाची खरी ओळख वेगळी आहे. चौदाव्या शतकापासून १९४८ मधील विलीनीकरणापर्यंत येथे महादेव कोळी समाजातील मुकणे घराण्याचे राज्य होते. आदिवासी राजघराण्याने इतका दीर्घकाळ टिकवलेले संस्थान महाराष्ट्रात विरळाच. १६६४ मध्ये सुरतेच्या स्वारीवर जाताना छत्रपती शिवाजी महाराज शिरपामाळ येथे थांबले आणि विक्रमशहा राजांना त्यांनी मानाचा शिरपेच दिला, असे स्थानिक परंपरा सांगते. जव्हारची नगरपरिषद १९१८ सालची आहे. आज बारा लाखांहून अधिक वस्ती असलेल्या वसई-विरारला महापालिका मिळाली ती २००९ मध्ये, हे लक्षात घेतले तर कोणे एके काळी कोण पुढे होते याचा अंदाज यावा.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्याचे विभाजन होऊन आठ तालुक्यांचा पालघर जिल्हा अस्तित्वात आला. सागरी, नागरी आणि डोंगरी अशा तीन भागांचा हा जिल्हा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २९ लाख ९० हजार होती आणि त्यापैकी १२ लाख २२ हजार लोक एकट्या वसई-विरार शहरात राहत होते. जव्हार तालुक्यात सुमारे १ लाख ४० हजार, तर मोखाड्यात सुमारे ८३ हजार लोक होते. या दोन्ही तालुक्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक लोक आदिवासी आहेत. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर आणि कातकरी असे हे समाज आहेत. त्यांपैकी कातकरी हे राज्यातील तीन विशेष असुरक्षित आदिम जमातींपैकी एक गणले जातात. थोडक्यात, जिल्ह्याची मते आणि महसूल किनाऱ्यावर एकवटले आहेत, तर त्याचे पाणी आणि मनुष्यबळ डोंगरावर आहे.

एकाच पावसाची दोन वेळापत्रके

पठारावरील शेती पूर्णपणे पावसावर अवलंबून आहे. खोलगट भागातील खाचरांत भात आणि उताराच्या वरकस जमिनीवर नागली, वरई, उडीद, खुरासणी अशी पिके घेतली जातात. उन्हाळ्यात राब भाजणे, जूनमध्ये रोपे टाकणे, जुलैत चिखलणी व आवणी, पुढे बेणणी, असा क्रम असतो. आवणीच्या दिवसांत घरातील प्रत्येक हात शेतात लागतो. दाभोशाला सर्वाधिक गर्दी होते तीही याच आठवड्यांत. चहाची टपरी चालवावी, भाजलेला मका विकावा, वाटाड्या म्हणून फिरावे, अशा संधी आहेत असे शहरातून पाहणाऱ्याला वाटते. मात्र ज्याची आवणी अडली आहे त्याला टपरी परवडत नाही. साहजिकच या कमाईचा मोठा भाग रस्त्यालगतच्या मोजक्या दुकानदारांकडे आणि हॉटेलचालकांकडे जातो.

त्याहून गंभीर बाब अशी की, पावसाळ्याचा उत्तरार्ध हा पठारावर टंचाईचा काळ असतो. गेल्या हंगामाचे धान्य कणगीच्या तळाशी गेलेले असते आणि नवे भात अद्याप पिकलेले नसते. वीटभट्टीवरून आणलेली रक्कम खते, बियाणे आणि आजारपणात संपलेली असते. ओढ्यांना पूर आल्याने पाड्यांचा संपर्क तुटतो, साथीचे आजार बळावतात. वावर-वांगणी परिसरात १९९२-९३ मध्ये शंभराहून अधिक बालके कुपोषण व आजारांनी दगावली, तेव्हा जव्हारचे नाव देशभर गेले. त्यानंतर जव्हारला अप्पर जिल्हाधिकारी कार्यालय आले आणि राज्यात आदिवासी भागासाठी नवसंजीवन योजना सुरू झाली. तरीही २०१६ मध्ये मोखाड्यातील बालमृत्यूंनी हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला आणि तत्कालीन आदिवासी विकासमंत्र्यांना गावकऱ्यांच्या रोषाला सामोरे जावे लागले.

रस्त्यांची कथाही हीच आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाडा तालुक्यातील मर्कटवाडी येथील एका गरोदर महिलेची घरीच मुदतपूर्व प्रसूती झाली आणि तिची जुळी बाळे दगावली. पाड्यापर्यंत रस्ता नसल्याने रक्तस्राव होत असलेल्या त्या मातेला झोळीतून चिखलवाट तुडवत रुग्णालयात न्यावे लागले. त्याच महिन्यात पठारावरील धबधब्यांवर पर्यटकांची वर्दळ होती. धबधब्याचा रस्ता होतो आणि पाड्याचा होत नाही, असा आरोप एका घटनेवरून करणे कदाचित घाईचे ठरेल. परंतु रस्त्यांचा प्राधान्यक्रम कोणाच्या सोयीने ठरावा, हा प्रश्न मर्कटवाडीने सर्वांपुढे ठेवला, हे नाकारता येणार नाही.

धबधबा म्हणजे न थांबलेले पाणी

जव्हार-मोखाड्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तरीही मार्च उलटला की मोखाड्यातील पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते आणि महिलांना विहिरीच्या तळातून वाटीने पाणी खरवडावे लागते. या विसंगतीचे मूळ भूगर्भात आहे. पठार काळ्या बेसाल्ट खडकाचे आहे. त्यावर मातीचा थर पातळ असून उतार तीव्र आहेत. पडलेला पाऊस जमिनीत मुरण्याऐवजी वाहून जातो आणि पठाराच्या कडांवरून खाली कोसळतो. लेंडी नदीवर सुमारे तीनशे फूट उंचीवरून कोसळणारा दाभोसा पाहून पर्यटक थक्क होतो. मात्र गावाच्या दृष्टीने पाहिल्यास धबधबा म्हणजे न थांबलेले पाणी होय. ज्या खडकामुळे धबधबा निर्माण होतो, त्याच खडकामुळे विहीर आटते.

हे पाणी पुढे कोठे जाते, हे वसई-विरारकरांनी जाणून घेण्यासारखे आहे. जव्हार-विक्रमगडच्या डोंगरांतून येणाऱ्या सूर्या नदीवर धामणी येथे धरण आहे. डहाणू, पालघर आणि विक्रमगडमधील सुमारे १४ हजार हेक्टर शेती भिजवण्यासाठी हा प्रकल्प उभारण्यात आला. कालांतराने शहरांची तहान वाढली. वसई-विरारला सूर्यातून दररोज सुमारे २० कोटी लिटर पाणी मिळत होतेच. त्यात मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या दररोज ४०.३ कोटी लिटर क्षमतेच्या नव्या योजनेची भर पडली. या योजनेतील १८.५ कोटी लिटर वाटा वसई-विरारचा असून ते पाणी २०२३ च्या अखेरीस शहरात येऊ लागले. उरलेला वाटा मीरा-भाईंदरचा आहे. सिंचनाचे पाणी शहरांकडे वळवण्यास सूर्याच्या लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांनी वेळोवेळी विरोध केला, तो उगाच नव्हे.

मोखाडा तालुक्यातील कोचाळे येथे मुंबई महापालिकेने बांधलेले मध्य वैतरणा धरण मुंबईला दररोज ४५.५ कोटी लिटर पाणी देते. धरण ज्या तालुक्यात आहे त्या तालुक्याला उन्हाळ्यात टँकर लागतो. याखेरीज गारगाई, पिंजाळ आणि दमणगंगा-पिंजाळ जोड प्रकल्प मुंबईसाठी नियोजनात आहेत. त्यांतील पिंजाळ आणि वाघ या नद्या याच पठाराला लागून वाहतात. आज ज्या दऱ्यांत पर्यटक निसर्ग पाहायला जातात, त्यांपैकी काही उद्या जलाशयाखाली जाऊ शकतात आणि त्यांच्या काठची गावेही.

वसईला हे दुःख अपरिचित नाही. बागायती पट्ट्यातील विहिरींचे पाणी टँकरने शहरांकडे नेले जाऊ लागले, तेव्हा हरित वसई संरक्षण समितीने फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली त्याविरुद्ध दीर्घ लढा दिला होता. आपल्या विहिरीतील पाण्यावर पहिला हक्क आपल्या वाडीचा, हे ज्या वसईने ठणकावून सांगितले, तिला मोखाड्याच्या पाड्याचे म्हणणे समजण्यास अडचण पडू नये.

बंदी आदेश पुरेसा नाही

पावसाळी पर्यटनाची दुसरी बाजू अपघातांची आहे. जुलै २०२० मध्ये काळमांडवी धबधब्याच्या डोहात पाच तरुण बुडाले. ते जव्हार शहरातीलच होते, म्हणजे परिसर त्यांना अनोळखी नव्हता. मे २०२४ मध्ये दाभोसा येथे मीरा रोडहून आलेल्या तरुणांपैकी काहींनी उंचावरून डोहात उड्या मारल्या आणि त्यात एकाचा मृत्यू झाला. वसई तालुक्यात तुंगारेश्वरच्या जंगलातील चिंचोटी धबधबा तर अशा दुर्घटनांसाठी कुप्रसिद्ध आहे. पावसाळा आला की प्रशासन मनाई आदेश काढते, पोलीस चौकी बसते. जवळचे धबधबे बंद झाले की गर्दी लांबच्या धबधब्यांकडे वळणार, हे ओघाने आलेच.

मनाई आदेशाने दोन गोष्टी साधत नाहीत. एक म्हणजे प्रत्येक डोहावर पोलीस उभा करणे अशक्य असल्याने आदेश कागदावर राहतो. दुसरी म्हणजे बंदीचा फटका प्रामाणिकपणे व्यवसाय करू पाहणाऱ्या स्थानिकाला बसतो, बेशिस्त पर्यटक मात्र आडवाटेने आत शिरतोच. कोणत्या खडकावर शेवाळे असते, कोणत्या डोहात भोवरा आहे, वरच्या अंगाला पाऊस झाला की पाणी किती वेळात वाढते, याचे ज्ञान सरकारी फलकापेक्षा पाड्यावरील माणसाकडे अधिक असते. आजवर त्याचा उपयोग झाला तो प्रामुख्याने दुर्घटना घडल्यानंतर, शोधकार्यात. दुर्घटना टाळण्यासाठी तो करून घ्यावा आणि त्याचा मोबदला द्यावा, ही साधी गोष्ट राहून गेली आहे.

इतरत्र काय घडले?

गावाच्या हाती सूत्रे असलेले पर्यटन ही केवळ कल्पना नाही. साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात लोटणारी गर्दी आवरण्यासाठी परिसरातील गावांच्या वन व्यवस्थापन समितीमार्फत प्रवेश शुल्क, ऑनलाइन नोंदणी आणि दिवसाला तीन हजार पर्यटकांची मर्यादा अशी व्यवस्था करण्यात आली. तेथील स्थानिक तरुण मार्गदर्शक आणि रखवालदार म्हणून काम करतात. कासच्या व्यवस्थेवरही टीका झाली आहे. मात्र गर्दीला दार असावे आणि त्या दारावर गावाचा माणूस असावा, हे तत्त्व तेथे रुजले.

अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यातील पुरुषवाडी या महादेव कोळ्यांच्या गावाने याहून पुढचा टप्पा गाठला. पर्यटकांनी गावकऱ्यांच्या घरी जेवावे, पाळीपाळीने वेगवेगळ्या घरांना पाहुणे मिळावेत, भात-नागलीची कामे, काजवे, रानभाज्या हेच आकर्षण असावे, असा हा प्रयोग आहे. त्याच धर्तीचा प्रयत्न जव्हार तालुक्यातील वाळवंडा येथेही झाला. म्हणजेच नमुन्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. हा प्रयत्न एका-दोन गावांपुरता का राहिला, याचा शोध मात्र जिल्हा प्रशासनाने घ्यायला हवा.

परदेशातील एक उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. दक्षिण लाओसमधील बोलावेन पठार जव्हारपेक्षा दुपटीहून अधिक उंच असले तरी त्याची घडण बरीचशी अशीच आहे. कडांवरून शंभर मीटरहून अधिक खोल कोसळणारे धबधबे, शेतीवर जगणारी गावे आणि लावेन, अलाक, कातू अशा अल्पसंख्य जमाती तेथे आहेत. फरक एवढाच की फ्रेंच राजवटीत आलेले कॉफीचे पीक तेथे रुजले. पाऊस संपला की कॉफीची तोडणी सुरू होते. त्यामुळे पर्यटक केवळ पाणी पाहण्यासाठी येत नाही, तर मळ्यात फिरतो, गावात मुक्काम करतो, कॉफी विकत घेऊन जातो. पावसाळा संपला म्हणून गावाचे उत्पन्न संपत नाही.

त्याच पठाराने धोक्याचा इशाराही दिला आहे. तेथील नद्यांवर वीजप्रकल्प उभे राहिले आणि त्यांतील एकाची बहुतांश वीज शेजारच्या थायलंडला विकायची होती. जुलै २०१८ मध्ये या प्रकल्पाचा एक बांध फुटला आणि पायथ्याच्या अट्टापू प्रांतातील गावेच्या गावे वाहून गेली. डोंगराचे पाणी दुसऱ्यासाठी अडवले जाते तेव्हा लाभ एकाच्या आणि जोखीम दुसऱ्याच्या पदरी पडते, हा अनुभव केवळ आपल्याकडचा नाही.

दिवाळीनंतरचे पठार

जव्हारला कॉफी नाही, पण दाखवण्यासारखे आणि विकण्यासारखे पुष्कळ आहे. विशेष म्हणजे त्यातील बरेचसे पावसाळ्यानंतरचे आहे. पाऊस सरत आला की खुरासणीच्या पिवळ्या फुलांनी माळ भरतात. नवे धान्य हाती येऊ लागले की तारप्याचे सूर घुमतात. जव्हारच्या दसऱ्याला संस्थानकालीन परंपरा आहे. हिवाळ्यात काही शेतकऱ्यांनी स्ट्रॉबेरीचे यशस्वी प्रयोग केले आहेत. होळी हा आदिवासींचा सर्वात मोठा सण असून जगायला गेलेली माणसे त्यासाठी धडपडून गावी परततात. होळीनंतर मोखाडा-जव्हार भागात बोहाड्याचा उत्सव रंगतो. देवदेवतांचे आणि राक्षसांचे लाकडी मुखवटे चढवून रात्रभर चालणारी ही सोंगे पाहण्यासाठी जगभरातून अभ्यासक येतात, परंतु शंभर किलोमीटरवरील वसईकराला त्यांची क्वचितच माहिती असते.

कलेच्या बाबतीत तर या जिल्ह्याचे नाव सर्वदूर आहे. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे यांनी ती सातासमुद्रापार नेली आणि त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. वाळवंड्याचे वयोवृद्ध तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा जव्हारच्या पाड्याचे नाव दिल्लीत उच्चारले गेले. मात्र भिंतीवर, कपड्यांवर आणि पिशव्यांवर छापलेल्या वारली नक्षीच्या व्यापारातून पाड्यावर किती पैसा पोहोचतो, हा प्रश्न मानांकनानंतरही कायम आहे.

शेतीतही मार्ग सापडले आहेत. १९९० च्या दशकापासून बायफ या संस्थेने जव्हार परिसरात आंबा-काजूची ‘वाडी’ उभी करण्याचे काम केले. ज्या कुटुंबाची वाडी जगली, त्याला बारमाही गावात राहण्याचे कारण मिळाले. पुढे विक्रमगड, जव्हार, मोखाड्यात मोगऱ्याची लागवड वाढली आणि येथील कळ्या दादरच्या फूलबाजारात जाऊ लागल्या. मोगरा हे उन्हाळ्यातील रोजच्या तोडणीचे पीक असल्याने वीटभट्टीच्या हंगामातच घरी रोख पैसा येतो. स्थलांतराला थेट उत्तर देणारी ही दोन पिके आहेत आणि दोन्हींना एकच गोष्ट लागते, ती म्हणजे पावसाळ्यानंतर टिकणारे पाणी. लहान बंधारे, शेततळी, झऱ्यांचे संरक्षण ही कामे मोठ्या धरणांइतकी झगमगीत नसतात. पाड्याचे पुढचे सहा महिने मात्र तीच ठरवतात. घोलवडचा चिकू, वाड्याचा कोलम आणि बहाडोलीचे जांभूळ यांना भौगोलिक मानांकन मिळवून देणाऱ्या जिल्ह्याने नागली आणि वरईला शहरातील ग्राहक मिळवून देणे अवघड मानू नये.

ग्रामसभेला विचारणार कोण?

जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ चा पेसा कायदा आणि त्याखालील राज्याचे २०१४ चे नियम यांनी गावातील साधनसंपत्तीच्या व्यवस्थापनात ग्रामसभेला निर्णायक स्थान दिले आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्कांची तरतूद केली. आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के निधी थेट ग्रामपंचायतींना मिळण्याची व्यवस्थाही राज्याने २०१५ मध्ये केली. म्हणजेच धबधब्यावर शुल्क आकारणे, वाहनतळ चालवणे, कचरा उचलणे, जीवरक्षक आणि वाटाडे नेमणे ही कामे ग्रामसभेकडे देण्यास कायद्याची आडकाठी नाही. अडचण इच्छाशक्तीची आहे. पर्यटन आराखडे अद्याप जिल्ह्याच्या ठिकाणी आखले जातात आणि ग्रामसभेपुढे येतात ते मंजुरीसाठी.

येथे जमिनीचा प्रश्न नजरेआड करून चालणार नाही. आदिवासींच्या जमिनी बिगरआदिवासींकडे जाण्यावर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने निर्बंध घातले आहेत. आदिवासी जमिनी भाडेपट्ट्याने देण्याची मुभा देण्याचा विचार राज्य सरकारने २०२५ मध्ये बोलून दाखवला, तेव्हा आदिवासी संघटनांनी त्याला तीव्र विरोध केला. पर्यटन वाढले की कड्यालगतच्या जमिनीचा भाव वाढतो आणि पावसाळ्यात हात तंगीत असलेला शेतकरी सर्वात आधी गळाला लागतो. जमीन गेली तर तोच शेतकरी आपल्याच माळावरील रिसॉर्टमध्ये पाणी वाढणारा नोकर होईल. विकासाचे हे चित्र कोणालाही नको असावे.

शहराची जबाबदारी

वसई-विरार हे केवळ या पठाराचे पर्यटक नाही, ते त्याच्या पाण्याचे ग्राहक आहे आणि त्याच्या श्रमाचे मालकही आहे. शहरातील इमारतींच्या विटा पठारावरून उतरलेल्या हातांनी थापल्या आहेत. हंगामाआधी बयाणा घ्यायचा आणि पुढे तो फेडण्यासाठी कुटुंबासह राबायचे, या चक्राविरुद्ध वसई परिसरातच विवेक पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेने १९८२ पासून लढा दिला. वीटभट्टीवर आई-वडिलांबरोबर आलेल्या मुलांसाठी ‘भोंगा शाळा’ याच भागात सुरू झाल्या. प्रश्न जुना आहे आणि त्याची जाण वसईला नाही असे म्हणता येत नाही.

तेव्हा अपेक्षा फार मोठ्या नाहीत. पठाराच्या परिसरातून पाणी घेणाऱ्या महापालिकांनी पाणीपट्टीतील ठरावीक हिस्सा उगमाकडील पाड्यांच्या पाणीयोजनांसाठी द्यावा. शहरातील शाळांच्या सहली हिवाळ्यात वॉटर पार्कऐवजी खळ्यावर आणि वारली चित्रकाराच्या घरी जाव्यात. नागली, वरई, मोगरा यांना वसई-विरारच्या मंडईत हक्काचा ओटा मिळावा. रोजगार हमीचा कायदा देशात सर्वप्रथम करणाऱ्या महाराष्ट्रात त्या योजनेची कामे दिवाळीनंतर लगेच, मुकादमाचा टेम्पो पाड्यावर पोहोचण्याआधी सुरू व्हावीत. आणि पर्यटकाने एवढे तरी पाहावे की, तो ज्या गावातून धबधब्याकडे गेला, त्या गावात त्याचा काही पैसा थांबला की नाही.

वाढवण बंदराचे भूमिपूजन ऑगस्ट २०२४ मध्ये झाले. बुलेट ट्रेनचे काम जिल्ह्यातून चालू आहे. किनाऱ्यावरील हा विकास आणखी माणसे आणि आणखी तहान घेऊन येणार हे उघड आहे. पठारावरील गर्दी वाढणार आणि पठाराच्या पाण्यावरील दावेही वाढणार. अशा वेळी जव्हारला किती पर्यटक आले, या आकड्यावर समाधान मानण्यात अर्थ नाही. दिवाळीनंतर किती घरांना कुलूप लागले, हा आकडा दरवर्षी प्रत्येक ग्रामपंचायतीने मोजावा आणि जिल्हा प्रशासनाने तो जाहीर करावा. पर्यटनाने पठाराचे भले केले की नाही, हे त्या कुलपांच्या संख्येवरूनच ठरेल.